सुनेत्रावहिनींची बुडी

कॅनडातल्या कॅल्गरीहून समुद्र गाठायचा तर मधे अख्खा रॉकी पर्वत ओलांडावा लागतो. त्यामुळे आमच्या गावात लोक ट्रक घेतात, स्नोब्लोअर घेतात, फार तर तळ्यावर न्यायला एखादी प्लॅस्टिकची कनू घेतात. शिडाची होडी, तीही कॅरिबियन समुद्रात, आमच्या मराठी मंडळात एकाच घराने घेतली. एका घराने म्हणजे खरं तर दोन घरांनी, आणि सगळी गोष्ट त्या दुसऱ्या घरामुळेच झाली.

पहिलं घर प्रतापचं. प्रताप पाइपलाइनचा इंजिनिअर. आयुष्यभर तेलकंपनीत काढल्यामुळे त्याला सेफ्टीचा आजार जडला आहे. तेलकंपन्यांत मीटिंगच्या सुरुवातीला कोणीतरी उठून सुरक्षेबद्दल दोन शब्द बोलतो, त्याला सेफ्टी मोमेंट म्हणतात. इतर लोक रिटायर झाले की ती ऑफिसातच ठेवून येतात, प्रतापने ती घरी आणली. मुलगी निधीच्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी त्याने माईक घेऊन हॉलचे इमर्जन्सी एक्झिट दाखवले होते. गुरुजी अक्षता धरून उभे, मुहूर्त चालला आहे, आणि हा सांगतो आहे की अक्षतांवरून पाय घसरू शकतो.

दुसरं घर त्याच्या साडूचं. डॉक्टर शशिकांत, भूल देणारे. लोकांना झोपवण्याची सवय त्यांनी रिटायर झाल्यावरही सोडलेली नाही, फक्त हल्ली औषधाऐवजी बोलणं वापरतात. जगातली कुठलीही वस्तू त्यांना आतून माहीत असते, आणि नसली तर ते ती उघडतात. प्रतापचं आणि त्यांचं पटत नाही हे वाक्य फारच मिळमिळीत झालं. साडू-साडूंत थोडी चढाओढ असतेच, ती सासऱ्यांनी दिवाळसणाला कोणाला काय दिलं इथपासून सुरू होते आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत चालते. पण या दोघांनी ती फारच मनावर घेतली. प्रतापने नवे विंटर टायर घेतले की डॉक्टर गाडीच बदलतात. डॉक्टरांनी बेसमेंटमध्ये सौना केला, तेव्हा प्रतापने आठवडाभरात त्यातले आगीचे धोके मंडळाच्या ईमेलवर सगळ्यांना पाठवले.

गेली काही वर्षं तर ते एकमेकांशी थेट बोलतही नाहीत. समोरासमोर बसलेले असले तरी निरोप बायकांमार्फत जातो. सुनेत्रा आणि लता या सख्ख्या बहिणी, तेव्हा टपालखातं घरचंच. "लता, तुझ्या नवऱ्याला सांग मीठ इकडे दे," असं प्रताप म्हणतो, आणि मीठ डॉक्टरांच्या हाताशी असूनही ते लता सांगेपर्यंत ऐकत नाहीत.

मग अशा दोघांनी एकत्र होडी का घेतली? मंडळाच्या एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, प्रताप म्हणाला की आपण रिटायर झालो की होडी घेणार. डॉक्टर लताला म्हणाले की भावजींना सांग, होडी आपण आधीच पाहून ठेवली आहे. पुढच्या रविवारपर्यंत दोघांनाही माघार घेणं अशक्य झालं, आणि एकट्याने घ्यायची तर दोघांच्याही ऐपतीबाहेर. शेवटी बहिणींनी तोडगा काढला. होडी अर्धी-अर्धी. ग्रेनेडा बेटावरच्या एका बंदरात ती उभी असते. आधीच्या अमेरिकन मालकाने तिचं नाव 'हॅपी आवर' ठेवलं होतं. दोघांनाही आपापल्या आईचं नाव द्यायचं होतं, म्हणून ते अजून 'हॅपी आवर'च आहे.

आता सुनेत्रावहिनी. इतका वेळ त्यांना बाजूला ठेवलं, कारण त्यांच्या घरीही तसंच चालतं. वहिनी बोलायला कमी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी नोकरीची सगळी वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. घरी आल्यावर प्रताप बोलायचा आणि त्या ऐकायच्या. कांदा कसा कापावा, जिना कसा उतरावा, बर्फ शोव्हल करताना कंबर कुठे ठेवावी. साठी ओलांडली तेव्हा निधीने त्यांना भेट म्हणून स्कूबा डायव्हिंगचा कोर्स लावून दिला. बहुतेक चेष्टेतच दिला असावा. वहिनी मात्र दर मंगळवारी रिक्रिएशन सेंटरच्या पोहण्याच्या तलावावर जाऊ लागल्या. परीक्षेच्या बुड्या त्यांनी बॅन्फजवळच्या मिनेवांका तळ्यात मारल्या. जून महिना, डोंगरावर बर्फ, आणि तळ्याचं पाणी असं की दात वाजायचेही विसरतात. त्या तळ्याखाली एक जुनं बुडालेलं गाव आहे. वहिनी एका घराच्या पायाच्या दगडांपाशी जाऊन बसल्या.

"खाली काय दिसलं हो?" असं मी त्यांना विचारलं होतं.

"दिसलं फारसं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण कोणी काही सांगत नव्हतं."

त्या दिवसापासून वहिनींना एकच गोष्ट हवी होती. कोमट, निळ्या समुद्रात, प्रवाळाच्या भिंतीपाशी एक बुडी. बाकी होडी, शिडं, साडू, सगळं गेलं खड्ड्यात. होडी अर्धी आपली आहे, ती आपल्याला तिथवर नेईल, एवढाच त्यांचा हिशेब.

दोन हिवाळे तो चुकला. पहिल्या वर्षी नांगर टाकायचा हुकूम कोणी द्यायचा यावरून भांडण झालं आणि होडी बंदरातून बाहेरच पडली नाही. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी मासा पकडला आणि फ्रिजमध्ये प्रतापच्या विरजणाशेजारी ठेवला. दही बिघडलं, अर्ध्या वाटेवरून होडी परत. वहिनींचा डायव्हिंगचा सूट दोन्ही वेळा घडी न मोडता कॅल्गरीला आला. तिसऱ्या वर्षी बहिणींनी नवऱ्यांना एकत्र बसवून सांगितलं की या खेपेला भांडून परत फिरलात तर होडी विकायची. दोघांनीही मान डोलावली. आपण भांडतो हे दोघांनाही मान्यच नव्हतं, तेव्हा अट दुसऱ्यासाठी आहे अशी दोघांची प्रामाणिक समजूत झाली.

फेब्रुवारीत, कॅल्गरीत डोळ्यांच्या पापण्या गोठत असताना, चौघं निघाली. प्रतापच्या सामानात, थर्मल पायजम्यात गुंडाळलेला, त्याच्या आईचा लोखंडी खलबत्ता होता. हे याच वर्षीचं नवं. गेल्या वर्षी होडीवर सुंठपुडीचा चहा प्यावा लागला, तेव्हा त्याने जाहीर केलं होतं की पुन्हा असला चहा पिण्यापेक्षा आपण बुडालेलं बरं. प्रतापला चहात आलं-वेलदोडा लागतो, आणि तो त्याच खलबत्त्यात कुटलेला लागतो. त्या खलबत्त्याने साताऱ्याहून कॅल्गरी गाठली होती, आता तो ग्रेनेडाला निघाला. ग्रेनेडाच्या कस्टमवाल्याने तो उचलून पाहिला, खाली ठेवला आणि हे काय म्हणून विचारलं. प्रतापने त्याला चहाची कृती सांगितली. मागे रांग खोळंबली होती, पण कृती पुरी झाल्याशिवाय त्याने बॅग बंद केली नाही.

होडीवर पोचल्यावर प्रतापने खलबत्त्याला जागा ठरवली. जड वस्तू होडीत खाली आणि मधोमध ठेवावी, म्हणजे तोल राहतो, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं आहे. मधल्या बाकाखालच्या कप्प्यात तो ठेवला, आणि गडगडू नये म्हणून तिथल्या एका छोट्या काळ्या डबीला टेकवून ठेवला. ती डबी म्हणजे डॉक्टरांचं काहीतरी भंगार असणार असं त्याला वाटलं. विचारायचं कोणाला? बोलणंच नव्हतं.

ती डबी ऑटोपायलटची होती. ऑटोपायलट म्हणजे दिशा सांगितली की आपोआप सुकाणू धरून ठेवणारं यंत्र. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी डॉक्टर एकटेच मागे राहिले आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने बसवलं. त्या डबीत यंत्राचं होकायंत्र असतं, आणि ते होडीत खाली आणि मधोमध बसवावं, म्हणजे कमी हलतं, हे त्यांच्याही पुस्तकात लिहिलेलं होतं. कुठे बसवलं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. प्रतापला सांगणं म्हणजे त्याची परवानगी मागण्यासारखं झालं असतं. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते, आणि दोघांनी मिळून होकायंत्राच्या मांडीवर लोखंड ठेवलं.

पहिल्या दिवशी ग्रेनेडाहून उत्तरेला कॅरियाकू बेटावर जायचं होतं. सकाळी निघताना प्रतापची सेफ्टी मोमेंट झाली, विषय होता दोरीत अडकणारे पाय. मग डॉक्टरांनी यंत्राला उत्तर दिशा सांगितली, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. होडीने थोडा विचार केला आणि ती डावीकडे वळली. डावीकडे म्हणजे पश्चिमेला, जिकडे मध्य अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी.

"सुनेत्रा," प्रताप म्हणाला, "लताला सांग, तिच्या नवऱ्याला विचार, आपण निकाराग्वाला चाललो आहोत का."

"लता," डॉक्टर म्हणाले, "प्रतापरावांना सांग, शिडं ज्याने लावली त्याला विचारावं."

इथून जे सुरू झालं ते दिवसभर चाललं. वायरिंग उलटं केलं इथपासून पाइपलाइनसुद्धा तुम्ही वाकडीच टाकत होता इथपर्यंत. सुकाणू हाताने धरता आलं असतं, पण मग एकाने धरायचं आणि दुसऱ्याने गप्प बसायचं असं झालं असतं, आणि गप्प बसायला कोण तयार होणार? म्हणून यंत्रच चालू राहिलं. होडी डावीकडे गेली की डॉक्टर बटणाने ती उजवीकडे आणत, प्रताप पडद्यावरच्या नकाशाकडे बोट दाखवत, आणि पुन्हा पहिल्यापासून. लता दोन्हीकडचे निरोप पोचवून पोचवून दमली. शेवटी ती नुसती "तेच" म्हणू लागली.

दहाच्या चहाला मात्र सगळं शांत झालं. होडी रेघ मारल्यासारखी चालली. प्रतापचं म्हणणं, तो चहाचा कप घेऊन सुकाणूपाशी बसला म्हणून. डॉक्टरांचं म्हणणं, प्रतापरावांचं तोंड चहाने भरलेलं होतं म्हणून. चहा संपला, प्रतापने स्वतः उठून खलबत्ता धुतला, पुसला, जागेवर ठेवला, आणि वर येतो तो होडी पुन्हा निकाराग्वाच्या रस्त्याला.

दुपारच्या चहालाही तसंच. या वेळी वहिनी खाली ओट्यापाशी आलं कुटत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि वर कान दिला. वर शांतता होती. आता लॅबमध्ये आयुष्य गेलेल्या बाईला एकाच नमुन्यात तीच गोष्ट दोनदा दिसली की तिला चैन पडत नाही. चहा देऊन झाल्यावर त्यांनी प्रतापला म्हटलं की तुम्ही बसा, खलबत्ता मी ठेवते. त्यांनी तो कप्प्यात ठेवला आणि वाट पाहिली. थोड्याच वेळात वरून प्रतापचा आवाज आला, सुनेत्रा, लताला सांग. वहिनींनी खलबत्ता बाहेर काढला. आवाज हळूहळू विरला. त्यांनी तो पुन्हा ठेवला. डॉक्टर म्हणाले, लता, त्यांना विचार. बाहेर काढला, शांत. होडी वाकडी चालली आहे की सरळ हे वहिनींना नकाशात पाहावंच लागलं नाही, नवऱ्याच्या आवाजावरूनच वाचता येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या आवाजाचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

लता पायऱ्यांवरून डोकावली आणि तिला दिसलं की ताई कप्प्यासमोर मांडी घालून बसली आहे, खलबत्ता आत ठेवते आहे, बाहेर काढते आहे.

"ताई, काय करतेस?"

"शेंगदाणे शोधतेय."

"कप्प्यात?"

"तू वर जा, ते एकमेकांना मारतील."

लताला सांगितलं असतं तर पायरी चढायच्या आत ते डॉक्टरांना कळलं असतं. आणि डॉक्टरांना कळलं की खटला उभा राहिला असता. खलबत्ता तिथे कोणी ठेवला? प्रतापने. डबी कोणाला न सांगता तिथे कोणी बसवली? डॉक्टरांनी. कुटलेल्या आल्याचा हट्ट कोणाचा, मूळ खलबत्ता कोणाच्या आईचा, आणि त्या आईने निधीच्या बारशाला लताला नेसवलेली साडी कुठल्या रंगाची होती. कॅल्गरीतला बर्फ वितळेपर्यंत साक्षी चालल्या असत्या, आणि वहिनींचा सूट तिसऱ्यांदा घडी न मोडता घरी आला असता. म्हणून त्या गप्प बसल्या. गप्प बसण्याचा त्यांना सरावही होता.

संध्याकाळी कॅरियाकूच्या खाडीत नांगर पडला. किनाऱ्यावर वादळात उडालेल्या छपरांवर अजून निळ्या ताडपत्र्या होत्या, लोक नवी छपरं ठोकत होते. ठोकण्याचा आवाज पाण्यावरून येत होता आणि होडीवर त्याच तालात भांडण चाललं होतं. शेवटी प्रताप उभा राहिला. म्हणाला, बास. उद्या सकाळी परत फिरायचं, होडी विकायला काढायची. आणि पहिल्यांदाच डॉक्टरांनी लताची वाट न पाहता उत्तर दिलं. म्हणाले, उद्या कशाला, आत्ता काढा.

एवढ्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते यावर.

वहिनींनी टोबॅगो कीज नावाच्या प्रवाळांच्या बेटांवर एका डायव्हिंगवालीला महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. ती उद्या दुपारी तिथे येणार होती, कॅरियाकूपासून काही तासांवर. वहिनी ताटं आवरत होत्या, त्यांनी ती खाली ठेवली.

"उद्या होडी मी चालवणार," त्या म्हणाल्या.

प्रताप हसला. "तू?"

"मी. यंत्रावरच. सरळ गेली तर कीजला जायचं, मी बुडी मारणार. वाकडी गेली तर परत फिरा, विका, जाळा, मी एक शब्द बोलणार नाही."

"तू तसंही काही बोलत नाहीस," प्रताप म्हणाला.

"तेच. सरळ गेली तर तुम्ही दोघांनीही बोलायचं नाही. पोचेपर्यंत."

"यंत्र नादुरुस्त आहे, सुनेत्रा. मग कोणीही चालवा."

"माझं यंत्र नादुरुस्त नाही," डॉक्टर लताला म्हणाले, पण प्रतापकडे बघत. "जाऊ दे ताईंना. कळेल सगळ्यांना, चालवणारा कोण वाईट होता ते."

प्रतापलाही हेच हवं होतं. वहिनींच्या हाताखालीसुद्धा होडी वाकडी गेली की वायरिंगचा सोक्षमोक्ष लागणार. दोघांनी आपापल्या विजयासाठी होकार दिला. अंधार पडायच्या आधी वहिनींनी खलबत्ता आपल्या सूटमध्ये गुंडाळला, डायव्हिंगच्या पिशवीत घातला आणि पिशवी होडीच्या पार पुढच्या टोकाला, नांगराच्या साखळीपाशी नेऊन ठेवली.

सकाळी त्यांनी बटण दाबलं, आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. होडी सरळ निघाली. प्रताप नकाशाच्या पडद्याला नाक लावून उभा होता. रेघ आणि होडी, होडी आणि रेघ, मधे केसाइतकंही अंतर नाही. त्याने चष्मा पुसला. डॉक्टरांनी विजयी चेहऱ्याने प्रतापकडे पाहिलं, मग त्यांच्या लक्षात आलं की काल हेच बटण आपणही दाबत होतो, आणि चेहरा उतरला. बोलायची बंदी होती म्हणून दोघं आतल्या आत शिजत राहिले. मधे युनियन बेटावर, तिथून दुसरा देश लागतो म्हणून, पासपोर्टांवर शिक्के मारून घेतले, तिथेही कोणी बोललं नाही. शिक्के मारणाऱ्या बाईने लताला हळूच विचारलं की घरात कोणी गेलं आहे का.

दहा वाजता प्रतापने कप उचलून दाखवला. वहिनी म्हणाल्या, चहा पोचल्यावर. तो कप त्याने इतक्या जोरात ठेवला की एरवी त्याच्यावर त्यानेच एक सेफ्टी मोमेंट घेतली असती.

कीज म्हणजे चार-पाच छोटी ओसाड बेटं, आणि त्यांच्याभोवती घोड्याच्या नालेसारखी प्रवाळाची भिंत. आतलं पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळाच्या वाळूवर पडते. नांगर पडल्याबरोबर बोलायची बंदी उठली आणि दोघं एकदम सुटले. प्रतापच्या मते आज समुद्राचा प्रवाह बदलला होता. डॉक्टरांच्या मते यंत्र एका दिवसात शिकलं होतं. टपालखातं पुन्हा सुरू झालं, पण त्यातली एक पोस्टमन पिशवी घेऊन निघाली होती.

डायव्हिंगवालीचं नाव मार्वा. युनियन बेटावरची, धिप्पाड, मोठ्याने हसणारी बाई. ती आपली उघडी मोटरबोट घेऊन आली. प्रतापने कठड्यावरून तिला तिच्या परवान्याबद्दल, हवेच्या नळकांड्यांबद्दल आणि शार्कबद्दल विचारलं. तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, येस डार्लिंग, आणि वहिनींना घेऊन गेली.

भिंतीपाशी पोचल्यावर वहिनी पाण्यात उतरल्या आणि बुडेचनात. मिनेवांकाचं पाणी गोड, इथलं खारट, आणि खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो. कमरेला शिशाची वजनं होती ती कमी पडली. वर तरंगत त्यांनी हवा सोडली, पाय मारले, काही होईना. मार्वाची उरलेली वजनं दुसऱ्या बोटीवर जर्मन लोकांबरोबर गेली होती. म्हणाली, दगड चालला असता, पण इथे तळावरचं काही उचलता येत नाही. सरकारचा समुद्र आहे. तुमच्या पिशवीत जड काही आहे का?

वहिनींनी तरंगत पिशवीकडे बोट दाखवलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

मार्वाने पिशवीतून खलबत्ता काढला. बत्ता हातात घेऊन तोलला, हे काय म्हणून विचारलं. चहा, असं वहिनींनी सांगितलं. मार्वा इतकी हसली की मोटरबोट डुलली. मग तिने बत्ता वहिनींच्या जॅकेटच्या खिशात घालून चेन लावली. वहिनींनी श्वास सोडला आणि त्या खाली गेल्या.

खाली पोपटासारख्या चोचीचे हिरवे मासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. दुसरा आवाज वहिनींच्या स्वतःच्या श्वासाचा. पंख्यासारखी जांभळी प्रवाळं हलत होती. एक कासव वाळूवरचं गवत खात होतं, आरामात, मान तिरकी करून. त्याला कोणी नीट चाव म्हणत नव्हतं. वहिनी त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबल्या. वर कुठेतरी होडी होती, तिच्यावर दोन माणसं होती, आणि ती नक्कीच बोलत होती. खिशातल्या बत्त्यावर हात ठेवून वहिनी तिथेच राहिल्या, मार्वाने वर चलायची खूण करेपर्यंत.

होडीवर परतल्या तेव्हा प्रताप कठड्याशीच उभा होता. त्याने सगळे कप्पे उपसले होते. खलबत्ता चोरीला गेला आणि त्यात डॉक्टरांचा हात आहे इथवर तपास पोचला होता. वहिनी शिडी चढून वर आल्या, खिशाची चेन काढली आणि बत्ता बाहेर आला. पाण्याचे थेंब त्याच्यावरून टपटपले.

"माझ्या आईचा बत्ता," प्रताप म्हणाला, "तुझ्या खिशात काय करतोय?"

"वजन कमी पडत होतं."

"आईचा बत्ता आहे तो, सुनेत्रा."

"माहीत आहे. लग्न झाल्यापासून सासूबाईंचं वजन माझ्यावरच आहे. आज पहिल्यांदा कामी आलं."

लताने तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा खरा आनंद दिसला. प्रताप म्हणाला, चहा टाक.

वहिनींनी आलं कुटलं, बत्ता न धुता. पहिला घोट घेऊन प्रताप म्हणाला, खारट आहे. डॉक्टरांनी घोट घेतला आणि म्हणाले, हो, खारट आहे. दोघांचं एकमत होण्याची ही दुसरी वेळ. आपण काय बोलून बसलो हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. डॉक्टरांनी लगेच दुरुस्ती केली की प्रतापरावांकडे, म्हणजे साताऱ्याकडे, असाच पितात, आणि भांडण पुन्हा मार्गी लागलं. त्यातच ठरलं की उद्या पहाटे निघायचं. ठरल्याप्रमाणे बुडी झाली, आता थांबायचं कारण नाही, असं प्रताप म्हणाला.

"बरं," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी खलबत्ता या वेळी नीट धुतला, पुसून कोरडा केला आणि मधल्या बाकाखालच्या कप्प्यात, काळ्या डबीला टेकवून, त्याच्या जागेवर ठेवला. प्रताप ते बघत होता. म्हणाला, आता कसं, जड वस्तू खाली आणि मधोमध, इतक्या वर्षांनी शिकलीस. वहिनींनी मान डोलावली, आणि मार्वाला फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ सांगितली.

ही हकीकत त्यांनी मला गेल्या महिन्यात, मंडळाच्या पॉटलकला, पुऱ्या तळता तळता सांगितली. मी विचारलं, लिहिली तर चालेल का. त्या म्हणाल्या, खुशाल लिहा, दोघंही मंडळाचा अंक वाचत नाहीत. प्रताप वाचत नाही कारण त्यात शशिकांतांचा लेख असतो, आणि शशिकांत फक्त तो लेखच वाचतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे नांगर उचलला. डॉक्टरांनी यंत्राला दक्षिण दिशा सांगितली, बटण दाबलं. होडीने थोडा विचार केला आणि तिला वेगळंच काही पटलं. बेटं अजून मागे दिसत होती तोवरच प्रताप म्हणाला, सुनेत्रा, लताला सांग. डॉक्टर म्हणाले, लता, त्यांना विचार. प्रवाळाजवळ असलं यंत्र घेऊन जाणं सेफ नाही यावर शेवटी होडी फिरवावी लागली, आणि जिथून उचलला होता तिथेच नांगर पुन्हा पडला. डॉक्टर स्क्रूड्रायव्हर घेऊन भलत्याच पेटीत शिरले आणि प्रताप त्यांच्या डोक्यावर उभा राहून लताला सूचना देऊ लागला.

वहिनी सूट घालून कठड्यावर बसल्या होत्या. मार्वाची मोटरबोट येताना दिसली तशी त्यांनी पिशवी उचलली, आणि जाता जाता कप्प्यातून बत्ता काढून घेतला. खल तेवढा जागेवर राहू दिला.